मुंगी वळून बघते

"पण तुम्ही मागे वळून का बघता, बाबा?"

प्रश्न आजचा नव्हता. इलियासच्या घशात तो कित्येक महिने अडकून बसला होता. आज सकाळी बाहेर पडला, इतकंच.

सैदू बाबा विहिरीवर निघाले होते. खांद्यावर रिकामी पखाल, हातात काठी. झोपडीपासून जरा पुढे गेले की ते थांबत, वळत आणि झोपडीकडे बघत. पुन्हा चालू लागत. वाळूच्या उंचवट्यावर पोचले की पुन्हा थांबत... पुन्हा वळत... रोजचं हे असं होतं.

झोपडी म्हणजे तरी काय? काटक्यांच्या भिंती, वर गवत, दाराला गोणपाट. आत चोरण्यासारखं काही नव्हतं आणि बाहेरून बघण्यासारखं तर त्याहूनही कमी होतं.

"सांगा ना, बाबा. एवढे मोठे फकीर तुम्ही. सारं जग सोडलंत. आणि या चार काटक्यांत जीव अडकलाय?"

बाबांनी आधी झोपडी नीट बघून घेतली. मग म्हणाले, "पखालीचा बंद सुटलाय. बांधून दे."

इलियासने बंद बांधून दिला.

इलियासला स्वतःच्या मानेचं फार कौतुक होतं. एखादा वाटसरू मुक्कामाला आला की जेवणं झाल्यावर तो हळूच विषय तिकडे न्यायचा. ज्या सकाळी त्याने घर सोडलं, त्या सकाळी रंगाऱ्यांच्या गल्लीतल्या आपल्या दारापासून वळणावरच्या शमीच्या झाडापर्यंत तो सरळ चालत गेला होता. मान एकदाही मागे वळवली नव्हती.

"एकदाही नाही," असं म्हणून तो थांबायचा. समोरचा "वा" म्हणेपर्यंत थांबायचा.

वाटसरू बिचारे दमलेले असत. ते "वा" म्हणत आणि झोपी जात.

आता त्या मानेचं चीज व्हायची वेळ आली होती. झोपडीत खुंटीवर एक कोरी कफनी लटकत होती. इलियासनेच ती शिवली होती, टाके जरा वाकडे आले होते. या फकिरांची रीत अशी, की गुरूने अंगावर कफनी चढवली की तो माणूस घरादाराला मेला. पुन्हा तो उंबरठा ओलांडायचा नाही. तिकडून निरोप आला तर ऐकायचा नाही, आपण धाडायचा नाही.

आज सूर्य मावळला की बाबा त्याला कफनी देणार होते. निदान इलियास तरी तसं धरून चालला होता. त्याने विचारलं तेव्हा बाबा "बघू" म्हणाले होते. त्याने त्याचा अर्थ "हो" असा लावला होता.

आणि नेमका त्याच सकाळी मेहरू उंटवाला आला.

दोघं पोचले तेव्हा उंटांचा तांडा विहिरीपाशी बसला होता. उंट डोळे मिटून रवंथ करत होते, गळ्यातल्या घंटा मधूनच एकदा वाजत आणि गप्प होत. मेहरू पाणी पिऊन उठला, दाढी पुसली आणि इलियासकडे टक लावून बघू लागला.

"इलियास तूच का रे? रंगाऱ्यांच्या गल्लीतला?"

"होतो."

"तुझ्या आईचा निरोप आहे."

इलियासने मान ताठ केली. "निरोपांशी माझा संबंध संपला, भाऊ. आज मला कफनी मिळणार."

"संध्याकाळी संपेल," बाबा पखाल भरता भरता म्हणाले. "अजून दुपारसुद्धा झालेली नाही."



मेहरू म्हणाला, "म्हातारीने बजावून सांगितलंय, त्याला ये म्हणू नका. रडलीबिडली असंही सांगू नका. एकच गोष्ट विचारा. म्हणाली, तो निघाला तेव्हा मी भाकरी आणायला आत गेले होते. वाटेत खाईल म्हणून बांधून देणार होते. बाहेर येऊन बघते तर तो पार शमीच्या झाडाशी पोचलेला, पाठमोरा. मी आत होते तेवढ्यात... त्याने एकदा वळून बघितलं होतं का?"

रहाट कुरकुरत होता. बाबांनी दोर धरून ठेवला तसा तो थांबला.

"एवढंच?" इलियासने विचारलं.

"एवढंच. हो की नाही, ते तिला जाऊन सांगायचंय मला."

"इतक्या वर्षांनी..."

"अरे, इतकी वर्षं तेच विचारतेय ती. मी काही तुमच्या गल्लीत गेलो नव्हतो. ती मला आमच्या तळावर भेटली, गावापासून केवढा लांब! लोक सांगत होते, आधी ती नुसती शमीच्या झाडापर्यंत यायची आणि दाराशी परत जायची. मग वेशीपर्यंत येऊ लागली. पुन्हा दाराशी. मग वेशीबाहेरच्या सराईपर्यंत. पुन्हा दाराशी. आता आमच्या तळापर्यंत येते, दिसेल त्या उंटवाल्याला धरते, विचारते... आणि दिवस कलला की परत आपली दाराशी."

इलियास वाळूकडे बघत राहिला.

मेहरूला त्याची दया आली असावी. आवाज खाली करून तो म्हणाला, "हो म्हणून टाक की, भाऊ. तुझं काय जातंय?"

"मी खोटं बोलत नाही."

"मग नाही म्हणून सांगू?"

इलियासने तोंड उघडलं. वर्षानुवर्षं ज्याच्या त्याच्यासमोर मिरवलेलं "एकदाही नाही" आज त्याच्या जिभेवर येईना.

"उन्हं उतरली की आम्ही निघू," मेहरू म्हणाला. "तोवर ठरव." आणि उंटाच्या सावलीत जाऊन आडवा झाला.

इलियास बाबांच्या मागोमाग झोपडीपर्यंत आला.

"बाबा, काय सांगू तिला?"

"सकाळची भाकरी उरलीय का?"

"आहे चतकोर. पण मी काय विचारतोय..."

"घे ती. चल."

झोपडीच्या मागे सपाट, पांढरी भुई होती. कोणे एके काळी तिथे तळं असावं. आता झाड नाही, दगड नाही, गवताची काडी नाही, नुसती खारट माती लांबवर पसरलेली. दुपारी त्या मातीतून वाफ उठायची आणि दूरवर पाणी दिसू लागायचं. त्या पाण्यात कधी झाडं उलटी उभी राहत, कधी घरं. इलियासला सुरुवातीला ते खरं वाटे. पुढे त्याने तिकडे बघणं सोडून दिलं होतं.

आज मात्र डोळे पुन्हा पुन्हा तिकडेच जात होते.

बाबा एका जागी उकिडवे बसले. त्यांच्यासमोर जमिनीत एक बारीक भोक होतं, बोरही आत गेलं नसतं एवढं. चार पावलं मागे सरकलं तर ते दिसायचंही नाही.

"कोणाचं बीळ हे?"

"बघ."

भर दुपारच्या या वेळी आभाळात पाखरू नव्हतं. पाली, सरडे, सगळे कुठे कुठे सावलीला गेले होते. आणि अशा उन्हात त्या भोकातून एक मुंगी बाहेर आली. लांब पायांची, अंग मातीपासून उचलून धरणारी. ती धावत सुटली. जरा डावीकडे गेली, थांबली, उजवीकडे वळली, पुन्हा मागे आली, पुन्हा तिसरीकडेच निघाली...

"एकटीच?" इलियास म्हणाला. "मुंग्या तर रांगेने जातात."

"इथल्या जात नाहीत. उन्हाने मेलेला एखादा किडा शोधायचा आणि आपण मरायच्या आत घरी पोचायचं. रांग लावायला सवड कुठली?"

दोघं तिच्या मागोमाग चालले. तिने त्यांना खूप हिंडवलं. इलियासला तर बीळ कुठे राहिलं ते कळेना. त्याने मागे बघितलं. सगळीकडे तीच पांढरी माती.

बाबांना मात्र माहीत होतं. येताना ते दोनतीनदा मागे वळले होते.

बाबांनी भाकरीचा कण तिच्यापुढे टाकला. मुंगीने तो चाचपला, उचलला, डोक्यावर धरला. जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि निघाली.

सरळ. दोरी ताणावी तशी सरळ.

"ती आली तशी का नाही जात?" इलियासने विचारलं. "किती भटकत आली होती!"

"शोधताना भटकावं लागतं," बाबा म्हणाले. "घर कुठे आहे ते ठाऊक असलं की भटकायचं कशाला?"

"तिला ठाऊक आहे?"

"प्रत्येक वळण तिने मनात धरलंय. सूर्य बघून, पावलं टाकून. इकडे एवढी, तिकडे एवढी... आता सगळ्याची गोळाबेरीज करून निघालीय."

इलियासच्या पायांना चटके बसत होते. मुंगीच्या डोक्यावर तिच्याहून मोठा कण होता. बीळ अजून लांब होतं. त्याच्या मनात दया दाटून आली. ही दया खरी होती, तिच्यात कसलाही आव नव्हता.

तो चटकन वाकला. मुंगीपुढे तळहात धरला. ती कणासकट तळहातावर चढली, तसा तो बाबांनी काठीने दाखवलेल्या दिशेने पळत सुटला. बीळ सापडलं. बिळाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर त्याने तिला अलगद खाली ठेवलं.

"घे, बाई. पोचलीस."

मुंगी निघाली. बिळाला जवळजवळ घासून गेली.

आणि पुढे गेली.

"अगं, इकडे!" इलियास ओरडला.

ती थांबली नाही. त्याच दिशेने, त्याच चालीने, कण डोक्यावर धरून, घर मागे टाकून ती धावत राहिली. जिथून तिला उचललं तिथून घर जेवढं लांब होतं, तेवढीच लांब ती घराच्या पलीकडे गेली. मग एकाएकी थांबली. जणू कोणी सांगितलं, आलं तुझं घर.

तिथे काहीच नव्हतं.

बाबा सावकाश काठी टेकत आले.

"वेडी आहे ही!" इलियासला धाप लागली होती. "दारात नेऊन सोडलं मी तिला. दारात!"

"हिशेब तिचा चोख आहे."

"मग चुकली कशी?"

"ती कुठे चुकली?"

इलियासने आपला तळहात बघितला आणि मिटून घेतला.

मुंगी आता फेऱ्या मारू लागली. एक लहानशी फेरी घ्यायची आणि थांबली होती त्याच जागी परत यायचं. मग दुसऱ्या बाजूला जरा मोठी फेरी. परत त्याच जागी. मग तिसरीकडे, आणखी मोठी...

इलियासने पुन्हा तिला उचलायला हात पुढे केला. ती घाबरून आणखी लांब पळाली. त्याने हात मागे घेतला, तेव्हा ती परत आली आणि पुन्हा तिथूनच फेरी सुरू केली.

मग त्याने खांद्यावरची चादर काढली आणि तिच्या वर धरली. निदान ऊन तरी लागू नये. चादरीच्या सावलीत मुंगी गोंधळली. इकडे दोन पावलं, तिकडे दोन पावलं, मग नुसतीच जागच्या जागी फिरत राहिली.

"चादर काढ," बाबा म्हणाले.

"भाजतेय ती, बाबा."

"आभाळ झाकलंस तिचं. तेवढंच उरलं होतं तिच्याकडे."

इलियासने चादर काढली आणि तो मटकन खाली बसला. आता करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. बघत बसणं तेवढं हातात होतं.

मुंगी जायची, यायची. जायची, यायची.

"तिथे काही नाही," तो पुटपुटला. "मग फिरून फिरून तिथेच का येते?"

"घर तिथे असायला हवं होतं ना."

दूरचं पाणी हलत होतं. त्या पाण्यावर आज एक गल्ली दिसत होती, दोऱ्यांवर वाळत घातलेली लांबच लांब कापडं, निळी, मंजिष्ठेच्या रंगाची लाल. कापडांतून कोणीतरी एका झाडापर्यंत येत होतं आणि परत जात होतं... मग झाडाच्या पुढे येत होतं आणि परत जात होतं... इलियासने डोळे चोळले. डोळे उघडले तेव्हा समोर मुंगी होती. तिची फेरी आता बरीच मोठी झाली होती. कण मात्र तिने टाकला नव्हता.

बिळातून आणखी एक मुंगी बाहेर आली.

ही फिकट रंगाची होती, पायांत अजून जोर नव्हता. थोडी पुढे आली आणि थांबली. वळली. बिळाकडे तोंड करून उभी राहिली. मग जरा बाजूला गेली, थांबली, पुन्हा बिळाकडे वळली. तिसऱ्या बाजूने गेली, पुन्हा तेच. जिकडे जाईल तिकडून ती त्या भोकाकडे बघत होती.

"ही काय शोधतेय?"

"काही नाही. आज पहिल्यांदा बाहेर पडलीय. असं थोडं फिरून आत जाईल. लांब जायला अजून अवकाश आहे."

"शोधत नाही तर मग मागे वळून का बघते?"

विचारलं, आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं.

त्याने बाबांकडे बघितलं. बाबा मुंगीकडे बघत होते. सकाळी पखालीचा बंद बांधायला सांगताना होता, तोच चेहरा.



"इलियास, तुमच्या घराचं दार कसं आहे रे?"

"दार... लाकडी आहे."

"लाकडी सगळ्यांचीच असतात."

इलियास आठवू लागला. दाराला रंग होता की नव्हता? कडी वर होती की खाली? आई दारात कुठे उभी राहायची? उंबऱ्याच्या आत की बाहेर? गल्ली आठवत होती. रंगाच्या हौदांचा वास आठवत होता. शमीचं झाड आठवत होतं, कारण ते समोर होतं. पण त्या सकाळचं दार काही केल्या दिसेना. तो प्रसंग त्याने इतक्यांदा आणि इतक्या जणांना रंगवून सांगितला होता, की आता त्यात त्याला एकच गोष्ट दिसत होती. त्याची स्वतःची पाठ. ताठ मानेची, चालत जाणारी, त्याची स्वतःची पाठ.

आई तर त्यात नव्हतीच. ती आत गेली आहे, हेसुद्धा त्याला आज दुसऱ्याकडून कळलं होतं.

इलियासला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही. बाबांनीही थांबवलं नाही.

ऊन कलंडलं. सावल्या लांबल्या, बाबांची काठी जमिनीवर केवढी तरी लांब झाली. मुंगीच्या फेऱ्या चालूच होत्या. एक फेरी मोठी, तिच्या पुढची तिच्याहून मोठी. एकदा ती बिळापासून हातभर अंतरावरून गेली आणि इलियास अर्धवट उठला. तिला कळलं नाही. ती परत तिच्या त्या रिकाम्या जागी गेली.

"या अल्ला," इलियास म्हणाला. आयुष्यात इतकं कळवळून त्याने काही मागितलं नव्हतं. कफनीसुद्धा नाही.

पुन्हा एक फेरी. ही सगळ्यांत मोठी. मुंगी वळसा घेत आली, जवळ आली, चाल मंदावली. मिशा हलल्या. ती थबकली, आणि कणासकट सरळ बिळात उतरली. कण तोंडाशी जरा अडला. आतून ओढला गेला. नाहीसा झाला.

"आली! बाबा, आली!"

बाबा बसल्या बसल्या पेंगले होते. दचकून म्हणाले, "कोण आलं?"

"ती... घरी आली."

"असं होय." बाबांनी जांभई दिली आणि काठी टेकून उठले. "चल. मेहरू निघायच्या बेतात असेल."

विहिरीपाशी उंट उठत होते. आधी मागचे पाय, मग पुढचे, कुरकुरत, नाइलाजाने. घंटा आता सलग वाजू लागल्या होत्या. मेहरूने शेवटची गाठ आवळली आणि विचारलं, "काय, भाऊ? हो की नाही? काय सांगू म्हातारीला?"

"तुम्ही काही सांगू नका," इलियास म्हणाला. "मी येतो तुमच्याबरोबर."

मेहरूने आधी त्याच्याकडे आणि मग बाबांकडे बघितलं. "आणि आज ते कफनीचं काय होतं ना?"

इलियास बाबांपुढे गेला. इतकी वर्षं जे हवं होतं ते आज सूर्य मावळताच मिळणार होतं, आणि सूर्य मावळायला थोडाच वेळ होता. त्याला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, ते काही खोटं नाही.

"मी तिला नाहीच म्हणणार आहे, बाबा. वळून बघितलं नव्हतं, असंच सांगणार आहे. पण ते दुसऱ्याच्या तोंडून नको. तिच्यासमोर उभं राहून सांगतो."

बाबांनी मान हलवली.

"मला परत येता येईल?"

"मला काय विचारतोस? पाय तुझे आहेत."

इलियासने वाकून त्यांचा हात डोळ्यांना लावला. बाबा काठी टेकत झोपडीकडे परतले. सोबत घ्यायला इलियासकडे काही नव्हतं. चादर झटकून खांद्यावर टाकली आणि तो तांड्याच्या मागे चालू लागला.

तांडा रमतगमत निघाला होता. वाळू तांबूस झाली होती, उंटांचे पाय तिच्यात आवाज न करता पडत होते. जागेपणी चाललोय की झोपेत, असं इलियासला वाटत होतं. वाळूचा उंचवटा आला. बाबा रोज थांबत ती जागा.

त्याची मान ताठच होती. इतक्या वर्षांची सवय. ती एका दुपारीत कशी जाणार?

तो थांबला. पुढे बघत तसाच उभा राहिला.

मग वळला.

बाबा दारात नव्हते.

दाराचं गोणपाट नुकतंच कोणी आत गेल्यासारखं हलत होतं. मग तेही थांबलं.

"चल, भाऊ!" मेहरूची हाक आली. "मध्यरात्रीच्या आत पुढची विहीर गाठायचीय."

"तुम्ही व्हा पुढे. येतो मी."

"मागे राहिलास तर चुकशील हं!"

"चुकत नाही."

घंटा पुढे पुढे जाऊ लागल्या. इलियास जागचा हलला नाही. त्याने झोपडीकडे बघितलं. इतकी वर्षं तो तिच्यात राहिला होता, आणि आज पहिल्यांदा ती त्याला दिसत होती. डाव्या अंगाला जरा झुकलेली. छपराच्या कडेला गवताचा एक झुबका सुटून आलेला, तो वाऱ्याने वर-खाली होत होता. गोणपाटाला खालच्या कोपऱ्यात ठिगळ होतं, निळं. ते ठिगळ त्यानेच लावलं असणार. निळं कापड त्या रानात दुसऱ्या कोणाकडे होतं? पण लावल्याचं काही आठवत नव्हतं.

तो बघत राहिला. आत काय चाललंय ते कळत नव्हतं. एकदा काहीतरी फाटल्याचा आवाज आला. मग पुन्हा सगळं गप्प.

घंटा आता अगदी बारीक ऐकू येत होत्या. सूर्य वाळूला टेकला. पूर्वीचा इलियास केव्हाच निघून गेला असता.

तो थांबला.

गोणपाट बाजूला झालं आणि बाबा बाहेर आले. हातात भाकरीची शिदोरी होती. कोऱ्या कापडात बांधलेली, आणि त्या कापडाच्या कडेला इलियासचे वाकडे टाके होते.

डोळ्यांवर हात धरून बाबांनी उंचवट्याकडे बघितलं.

"अरे!" ते म्हणाले. "मला वाटलं, तेवढ्यात तू गेला असशील."